पुढची दोन शून्यं

सगळ्यांना रंग आला, फक्त शेवटच्या पानावरच्यांना आला नाही. गीतांजलीनं पान वर सरकवलं, पुन्हा खाली आणलं. मागच्या पानांवर प्रत्येक फोटोशेजारी, नावाच्या डाव्या अंगाला, टिकलीएवढं एक वर्तुळ होतं आणि ते नीट भरलेलं होतं. कुणाचं गव्हाळ, कुणाचं दूध जास्त झालेल्या चहाचं, कुणाचं ओल्या मातीकडे झुकलेलं. शेवटच्या पानाच्या डोक्यावर 'पुनर्विवाह' असं लिहिलेलं होतं आणि त्याखालची सगळी वर्तुळं रिकामी होती. यंत्राला काही खुपलं असतं तर त्यानं लाल अक्षरांत बोंब ठोकली असती, पण त्याची काही तक्रारच नव्हती. त्याच्या मते रंग दिला होता आणि रंग लागला होता. शनिवारची दुपार होती. अमरावतीच्या राजापेठेत, मिठाईच्या दुकानावरच्या त्या तीन खोल्यांच्या सॉफ्टवेअरच्या कचेरीत बाकी कुणी नव्हतं, खालून तुपाचा वास येत होता, आणि वधू-वरांची यादी संध्याकाळी सहाला साऱ्या समाजासाठी खुली व्हायची होती. काय बिघडलं ते पाहायला तिनं त्या पानावरचं पहिलंच कार्ड उघडलं. नाव श्रावण. गाव मूर्तिजापूरजवळचं. व्यवसाय भाजीपाल्याची शेती. फोटोत कपाळावरचे केस मागे हटलेले होते, डोळे तेच होते. तिचा हात माउसवरून आपोआप उचलला गेला, आणि मग तो कुठे ठेवावा हेच तिला बराच वेळ कळेना.

वर्तुळांची अक्कल भगवंतरावांची. अकोल्यात त्यांचं रंगाचं आणि हार्डवेअरचं मोठं दुकान, आणि समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे ते तहहयात म्हणावेत असे अध्यक्ष. दरवर्षी दिवाळी सरली की मेळाव्याची पुस्तिका निघायची. त्यात 'वर्ण' म्हणून एक रकाना असे आणि त्यात लोक गोरा, निमगोरा, गव्हाळ, फार तर सावळा असं लिहीत. काळा असा माणूस साऱ्या समाजात एकही जन्मला नव्हता. यंदा पुस्तिकेऐवजी मोबाइलवरचं अ‍ॅप करायचं ठरलं, तेव्हा भगवंतराव स्वतः अमरावतीला आले होते. "फोटोत आजकाल सारेच गोरे दिसून राहिले," ते म्हणाले होते, "मोबाइलच गोरं करते. पोराकडचे जातात, पोहे खातात, आन तोंड पाडून वापस येतात. त्याईचं पेट्रोल कोन भरून देईन?" म्हणून त्यांनी दुकानातलं भिंतींच्या रंगांचं शेड कार्ड कापून त्याच्या पट्ट्या केल्या, त्यातल्या माणसाला लागू पडतील तेवढ्या निवडल्या, आणि प्रत्येक पट्टीमागे तिचा कोड लिहिला. नाव नोंदवायला येणाऱ्याच्या गालाला कार्यकर्त्यानं पट्टी लावायची, जी जुळेल तिचा कोड भरायचा. भिंतीचा रंग आपल्या दुकानात कधी फसत नाही तर माणसाचा काहून फसन, हा त्यांचा सवाल. त्या बैठकीत सगळे हसले, त्यात गीतांजलीही हसली. हसता हसता तिच्या ध्यानात आलं होतं की टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडे बघून हसतायत आणि तिच्याकडे बघायचं फार काळजीनं टाळतायत. मग तिनं मान खाली घालून लिहून घेतलं: कोडासाठी आठ अक्षरांची जागा.

आता या कोडचं असं असतं की तो आधी नुसता शब्द असतो. त्यात शून्य ते नऊ हे आकडे असतात आणि ए ते एफ ही अक्षरं असतात, कारण इथली मोजणी दहाशी न थांबता सोळापर्यंत जाते. आपल्याला कुणी मोरपंखी म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी येतं. यंत्रापुढे काही येत नाही, त्याला शब्द म्हणजे मणी ओवलेला दोरा. म्हणून गीतांजलीसारख्या कुणाला तरी बसून एक रीत लिहून द्यावी लागते: अक्षरं घे, त्यांच्या जोड्या पाड, एक जोडी तांबड्याची, एक हिरव्याची, एक निळ्याची, प्रत्येक जोडीचा आकडा कर, आणि ते आकडे पोटात घेतलेली रंगाची एक वस्तू बनव. ऑब्जेक्ट म्हणतात तिला. एकदा ती वस्तू झाली की झालं, मग तिनं वर्तुळ भरा नाहीतर पाटी रंगवा. सगळ्यात पुढची जोडी मात्र रंगाची नसतेच. रंग किती दिसावा एवढंच ती सांगते. पुढे दोन एफ असले तर रंग भरघोस दिसतो. पुढे दोन शून्यं असली तर रंग असतो, जसाच्या तसा असतो, पण आरपार. त्याच्या पलीकडचं दिसतं आणि तो दिसत नाही. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, म्हणून श्रावणचा कोड पाहताच दुखणं सापडलं. पुढे दोन शून्यं. त्या पानावरच्या साऱ्यांच्याच पुढे दोन शून्यं. गेल्या महिन्याभरात मागची सहा अक्षरं वाचून रंग ओळखायला ती शिकली होती, आणि आता तिनं श्रावणची अक्षरं वाचली. उन्हात राबणाऱ्या माणसाचा रंग होता तो, तिच्यापेक्षा जरासाच उजळ. त्या जरासाच्याच जोरावर त्यांच्याकडून नकार आला होता.

ती बी.एस्सी. झाली त्या वर्षाची गोष्ट. दसरा तोंडावर आला होता आणि अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या घरात बसायच्या खोलीपर्यंत झेंडू आला होता. शहराबाहेरच्या मळ्यात तिचे वडील वामनराव शेवंती, निशिगंध, झेंडू लावायचे आणि आई माणिकबाई बाजारात बसून विकायची. पाहुणे येणार म्हणून फुलांची ओली पोती ओढून गच्चीवर नेली, ओल राहिली तिच्यावर सतरंजी टाकली. तरी गीतांजली सकाळी मळ्यात गेलीच होती, कारण तोडणीच्या बाया आल्या नव्हत्या आणि दसऱ्याचा झेंडू कुणासाठी थांबत नाही. आईनं नंतर लिंबाच्या फोडीनं तिची नखं घासली. हिरवट पिवळा डाग काही गेला नाही. श्रावण, त्याचे मामा आणि मामांची गाडी चालवणारा एक जण, असे आले. मामा बोलत होते. शिक्षण काय, भाकरी थापता येते का, चष्मा कायमचा का वाचायपुरता. श्रावण पोह्यांच्या बशीकडे बघत बसला होता. मग मामाच म्हणाले, पोरापोरीले बोलू द्या दोन शब्द, आणि ती दोघं गच्चीवर गेली. तिथं ओल्या फडक्याखाली झेंडूचे ढीग होते. तो फुलांकडे बघत राहिला, तिच्या हातांकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "झेंडू कैचीनं तोडता का हातानं?" ती म्हणाली, "हातानं. कैचीले टाइम लागते." तो म्हणाला, "माही आई वांगे हातानंच तोडते. काटे रुततात, पन कैची घेतच नाही." आणि त्यानं स्वतःचा अंगठा दाखवला, त्यावर बारीक काळे ठिपके होते, आत राहून गेलेल्या काट्यांचे. पुढे तिला पाहायला कितीतरी जण आले, त्यांनी तिला छंद विचारले, अपेक्षा विचारल्या, नोकरी सोडसान का विचारलं, एकानं तर तिला दहा वर्षांनी ती कुठे असेल असं मुलाखतीसारखं विचारलं. हातानं तोडता का, असं परत कुणी विचारलं नाही. एवढ्याशा प्रश्नावर माणूस किती दिवस जगू शकतो याला काही माप नाही. ती त्याच्यावर जगली.

निरोप मध्यस्थाकडून आला. "पोरगी गुनाची हाय, पन..." एवढाच. त्या 'पन'च्या पुढची जागा माणिकबाईंनी साईनं, बेसनानं, हळदीनं आणि मेडिकलमधल्या गोरं करणाऱ्या मलमाच्या नळीनं भरायचा प्रयत्न केला. वामनरावांनी फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे टोपल्या उचलल्या आणि दारातून म्हणाले, "तू नको येऊ आता. ऊन लागते." मळा असा गेला. त्याचं तिला त्या नकारापेक्षा जास्त लागलं असं ती कधी कधी स्वतःला सांगत असे, पण ते खरं नव्हतं. दोन्ही सारखंच लागलं होतं. मग ती सावलीत बसली, पडद्यासमोर बसली, अमरावतीला येऊन एम.सी.ए. झाली, नोकरीला लागली. इतकी वर्षं सावलीत काढूनही रंगात रतीभर फरक पडला नाही. मध्यंतरी कळलं की श्रावणचं दर्यापूरकडच्या मुलीशी झालं. तेव्हा तिनं मनातून त्याला काढायचा रीतसर प्रयत्न केला आणि तो तिला जमला असं तिला वाटलं. फक्त शनिवारी बडनेऱ्याहून अकोल्याला घरी जाताना मूर्तिजापूर आलं की ती खिडकीकडची जागा धरायची. फलाटावर भाजीच्या करंड्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांची तोंडं बघायची, गाडी हलली की पुन्हा मोबाइल उघडायची. याला काही म्हणतात हे तिला ठाऊक होतं. ती म्हणत नव्हती.

तिनं मेळाव्याच्या अकोल्यातल्या कार्यकर्त्याला, देवमनला, फोन लावला. शेवटचं पान देवमननं भरलं होतं. आधीची पानं भरणाऱ्या करिश्माला तिनं समोर बसवून दोन एफ लावायचे शिकवले होते. देवमन मागाहून मदतीला आलेला, आणि त्याचा जन्म लोकांचे ऑनलाइन अर्ज भरण्यात गेलेला.

"देवमनभाऊ, त्या पुनर्विवाहच्या कोडांले पुढं शून्य कोणी लावले?"

"मीच लावले ताई. काहून?"

"काहून लावले पन?"

"अवं, रकाना आठचा हाय आन पट्टीवरचा कोड सहाचा. मंग दोन घरं खाली कशे सोडू? बँकेत खाते नंबर कमी भरला तं पुढं शून्य लावतो आपन. विम्याच्या फारमात बी तसंच. मी आपलं रिवाजानं केलं."

"अठी तसं नसते भाऊ. त्या शून्यानं रंग दिसतच नाही."

"घ्या! पुढच्या शून्याले काई किंमत नसते, असं शिकोलं होतं आमाले शाळेत." तो मनापासून हसला. "बदलून देऊ का मंग? तसं पाहिलं तं त्या पानावर कोन जाते ताई? रंग असला काय आन नसला काय."

"राहू द्या. मी करते अठूनच." फोन ठेवायला हवा होता. तिनं ठेवला नाही. "पहिलं नाव हाय त्यात, श्रावण म्हनून. त्याईची बायको..."

"वारली ना बिचारी. कावीळ झाली ती, अंगावर काढली. दोन वर्सं होऊन गेले. लेकरू नाही. मानूस चांगला हाय, पन जराक वेगळाच. मी गालाले पट्टी लावाले गेलो तं म्हने, गाल टोपीच्या सावलीत राहते, हाताले लावा, हात खरा हाय. मंग हातालेच लावली."

गीतांजलीनं खुर्ची मागे सरकवली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली राजापेठेत शनिवारची गर्दी होती, उसाच्या गाड्यावरचं घुंगरू वाजत होतं, कुणीतरी स्कूटरवर आडवी धरून लांबलचक शिडी नेत होतं. आपल्याला आनंद होतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःची शरम वाटली. एक बाई काविळीनं गेली होती. तिचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, असं तिनं स्वतःला बजावून सांगितलं. तिलाही नखं असतील, तीही वांगी तोडत असेल, तिलाही तो काहीतरी विचारत असेल. बजावून झालं तरी आनंद जागचा हलेना. हात खरा हाय म्हने. ती परत येऊन बसली.

दुरुस्ती एका ओळीची होती. पुढे दोन शून्यं दिसली तर त्यांच्या जागी दोन एफ घे, असं रीतीत घालायचं की संपलं. ती ओळ तिनं लिहिली आणि पुसली. समजा नाही लिहिली. यादी सहाला उघडेल, लोक आधी कुमारिका बघतील, मग मुलगे बघतील, मग जेवणं होतील. शेवटच्या पानावर कुणी पोचलंच तर त्याला वाटेल, यांची माहिती यायचीय अजून. रंगाच्या पट्टीशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही असं भगवंतरावांनी लोकांना पढवून ठेवलं होतं. म्हणजे सोमवारी कुणी तक्रार करेपर्यंत तो यादीत असून नसल्यासारखा राहील. कुठल्या पुतणीसाठी, कुठल्या मेहुणीसाठी त्याच्या दारी गाडी जाणार नाही. तेवढ्यात आपण काय करू, याचा मात्र तिला पत्ता नव्हता. काही करायचं बळ नव्हतं म्हणून तर दुसऱ्या कुणी काही करू नये असं वाटत होतं. इतकं तिला स्वच्छ दिसलं आणि तरी ती ओळ परत लिहायला तिचा हात होईना.

तेवढ्यात आईचा फोन आला. बाजारात बसल्या बसल्या माणिकबाई फोनवर ओरडूनच बोलत असत.

"येऊन राहिली ना वं आज? शेपूची भाजी ठेवली तुयासाठी. आन तुयं नाव टाकलं का नाही त्या यादीत?"

"नाही."

"काहून? सोताच्या हातानं सारी पंगत वाढून राहिली, आन सोताचंच पान नाही!"

"त्यात रंग भरा लागते आई."

पलीकडे कुणीतरी हाराचा भाव विचारत होतं. माणिकबाईंनी त्याला भाव सांगितला, घासाघीस केली, एक हार दिला, आणि मग त्या परत फोनवर आल्या. "मंग भर ना. लपोल्यानं काय होते? मी का तुया बापाले अंधारात देली होती? दिवसाढवळ्या पाहून नेली त्यानं मले." आणि फोन बंद झाला. आईचा रंग गीतांजलीहून गडद होता. साय आणि बेसन आणताना हे आईला कसं आठवलं नाही, आणि आता कसं आठवलं, याचा विचार करत ती थोडा वेळ हसली आणि मग तिला रडू आलं. रुमाल बॅगेत होता. तिनं ओढणीनंच डोळे पुसले.

मग तिनं एक गोष्ट केली जी महिनाभर टाळली होती. एक कोरं कार्ड उघडलं, त्यात स्वतःचं नाव घातलं, ड्रॉवरमधून भगवंतरावांच्या पट्ट्या काढल्या आणि खिडकीच्या उजेडात एकेक मनगटाजवळ धरून पाहिली. शेवटून दुसरी जुळली. मागचा कोड तिनं भरला, पुढे दोन एफ लावले, आणि पडद्यावर तिच्या नावाजवळ ती आली, टिकलीएवढी. तिनं नीट निरखून पाहिलं. चांगला होता रंग. मळ्यात पाणी दिल्यावर वाफ्याच्या कडेला दिसतो तो. मग तिनं तांबड्याच्या जोडीतला आकडा एकनं वाढवला. काही कळलं नाही. आणखी वाढवला, हिरव्यातही वाढवला, निळ्यातही, आणि वर्तुळ जरा उजळलं. अजून थोडं. आता ती श्रावणइतकी झाली होती. अजून थोडं, आता गव्हाळ, आता करिश्माएवढी, आता फोटो स्टुडिओवाला परस्पर करून देतो तशी. ती थांबत थांबत मागे आली. यातल्या कुठल्या आकड्यावर मामांनी हो म्हटलं असतं? असा एक नेमका आकडा असणारच. त्याच्या अलीकडे ती सावलीत बसली होती, अमरावतीत भाड्याच्या खोलीत एकटीपुरता भात लावत होती, आणि त्याच्या पलीकडे मूर्तिजापूरजवळच्या कुठल्याशा वाफ्यात तिच्या बोटांत काटे रुतत होते. दोघींच्या मधे एका आकड्याचं अंतर. तिनं तो आकडा शोधायचा खरंच प्रयत्न केला, पुढे मागे, पुढे मागे, आणि वर्तुळ उजळत, मावळत राहिलं. यंत्र बिचारं सांगेल तो रंग करून देत होतं. शेवटी तिला इतकं थकल्यासारखं झालं की तिनं ते कार्ड न साठवताच बंद केलं. मग ती एक ओळ लिहिली, चालवून पाहिली, शेवटच्या पानावरच्या साऱ्यांना रंग आला. तो तिनं डोळे भरून बघितला नाही. बडनेऱ्याला जायला रिक्षा मिळायला वेळ लागतो.

गाडीत बसायला जागा मिळाली. शेजारी एक म्हातारी मांडीवर बोरांची पिशवी घेऊन डुलक्या काढत होती. दोन्हीकडे तुरी फुलावर आल्या होत्या, कपाशीची पहिली वेचणी उरकलेली शेतं उदास दिसत होती, आणि ऊन तिरपं झालं होतं. यादी उघडली तेव्हा गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे होती. गीतांजलीच्या मोबाइलवर समाजाच्या ग्रुपमध्ये अभिनंदनाचे हात जोडलेले निरोप येऊ लागले. आता त्याचं कार्ड कुणालाही दिसत होतं, कार्डावरचा फोन नंबर कुणालाही दिसत होता; तो खुद्द त्याचाच होता, कारण दुसऱ्या लग्नाला मामा लागत नाहीत. रीत अशी, की मुलीकडून फोन करायचा तो वडिलांनी, नाहीतर काकांनी, नाहीतर ज्याच्या आवाजात वजन आहे अशा कुणीतरी. मूर्तिजापूर आलं. तिनं खिडकी धरली. फलाटावर भाजीच्या करंड्या होत्या, माणसं होती, तो नव्हता. आत्ता करू, म्हणून तिनं नंबर काढला, आणि गाडी हलेपर्यंत नुसती बघत बसली. गाडीनं स्टेशन सोडलं तेव्हा कशानं कोण जाणे, राग आल्यासारखं होऊन तिनं बटण दाबलं.

"हॅलो," तो म्हणाला. मागे पाण्याची मोटार चालू होती.

इकडे साऱ्या परक्या पुरुषांना भाऊ म्हणायची पद्धत आहे, आणि तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आलाच होता. तो तिनं गिळला. "श्रावण बोलता का?"

"हाव. कोन?"

"मी गीतांजली. अकोल्याची, जुन्या शहरातली. यादीत नाव पाहिलं तुमचं."

"आत्ताच तं निघाली यादी." तो गोंधळला होता. "तुमचं कोनतं पान?"

"मायं नाव नाही त्यात. मी बनवली यादी." यापुढचं तिनं एका दमात म्हटलं. "तुमी आमच्या घरी आले होते मांगं. मले पाहाले. मामा होते तुमच्या संग."

मग तो म्हणाला, "मामाच्या गाडीत त्या दिवशी आमी तीन ठिकानं पाहिले होते. एक बाळापूरचं, दोन अकोल्यातले. तुमी त्यातल्या कोनत्या?"

खिडकीतून तुरीचं शेत मागे जात होतं, संपत नव्हतं. तीन. बाकी दोघींचा विचार तिनं कधी केलाच नव्हता. त्या दिवशी आणखी दोन घरांत सतरंज्या घातल्या गेल्या होत्या, आणखी दोघी त्याच्या समोर बशी धरून उभ्या राहिल्या होत्या. आपली पहिली बशी होती, का दुसरी, का पोट भरल्यावरची तिसरी? दुःख झालं तिला, उगाच 'नाही' कशाला म्हणा. झेंडूची आठवण करून दिली असती तर त्याला कदाचित लागलं असतं ध्यानात. पण ती द्यावीशी वाटेना. इतकी वर्षं एकटीनं सांभाळलेली होती, आणि त्यानं ती ऐकून 'असन बुवा' म्हटलं असतं तर तिच्याजवळ काहीच उरलं नसतं.

"हिरवं पातळ होतं का?" तो आठवायचा प्रयत्न करत होता. "गानं म्हटलं होतं?"

"नाही. ते दुसरी असन."

"मंग नाही आठवत मले," तो म्हणाला. "खोटं काय बोलू? तवा मी लय भेलो होतो. समोरच्या पोरीच्या तोंडाकडे पाहाची हिंमतच नाही झाली. खालीच पाहत होतो सारा टाइम. जे पाहिलं ते मामानंच पाहिलं."

म्हातारी जागी झाली होती आणि बोरांची पिशवी आवळून तिच्याकडे टक लावून बघत होती. फोन ठेवून द्यावा असं तिला वाटलं. पण तो आवाज तोच होता, गरजेपुरता बोलणारा, गोड करून न सांगणारा, आणि तो कानाशी होता. तो हवा होता तिला. आठवत नसला तरी हवा होता.

"तुमच्या घरचं कोनी हाय का बोलाले?" त्यानं विचारलं. "म्हंजे वडील..."

"वडील हायेत. पन फोन मी केला." तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. "एकदा या घरी. मले पाहाले. पन त्या दिवशी दुसरं ठिकान ठेवू नका."

पलीकडची मोटार थांबली. त्यानंच बंद केली असावी. एकाएकी इतकं शांत झालं की त्याचा श्वास ऐकू येऊ लागला.

"पत्ता सांगा," तो म्हणाला. "मले खरंच काई आठवत नाही."

तिनं मोर्णा नदीच्या पुलापासून सांगायला सुरुवात केली.